तळीला पाचवा माणूस

साताऱ्याच्या एका वायरिंगवाल्याने मला फसवलं. महाबळेश्वरला मी तीन खोल्यांचं पाहुणेघर बांधलं तेव्हा विजेचं सगळं काम त्याला दिलं होतं. हीटर आणि गिझरसाठी तांब्याची जाड तार घालायची, असं ठरलं होतं. त्याने बोर्डापासून हातभर जाड तार घातली आणि पुढे, छताच्या लाकडी फळ्यांआड, जिथे कोणी बघणार नाही तिथे, तिला बारीक तार जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. मी सहज फसणारा माणूस नाही. काम झाल्यावर मी स्वतः एकेक बोर्ड उघडून तार बोटांनी चाचपली होती. मी बोर्ड उघडणार, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तेवढी हातभर जाड तार.

देवाचा अनुभव लिहायला बसलो आणि सुरुवात ह्या माणसापासून झाली, त्याला माझा इलाज नाही. राग अजून गेलेला नाही आणि तो लपवून लिहिलं तर अनुभवही खोटा वाटेल.

आम्ही मूळचे कवठे महांकाळकडचे धनगर. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मी इथे आलो तो दुसऱ्याची टॅक्सी चालवायला. जे उभं केलं ते घासाघीस करून उभं केलं. खडी, सिमेंट, गाद्या, काहीही मी दुकानदाराने सांगितलेल्या भावाने घेतलं नाही. कुलदैवत खंडोबा, पण त्याच्याशीही माझा व्यवहारच चाले. हंगाम चांगला जाऊ दे, मग पालीला तुझ्या दर्शनाला येतो, असं मी सांगायचो. हंगाम चांगला गेला की वेळ मिळायचा नाही. देव खरंच ऐकतो का, हा प्रश्न मनात असायचा. पण सणवार बायको पाळायची, त्यामुळे तो प्रश्न मी कधी सोडवायला घेतला नाही.

त्या वर्षी चंपाषष्ठी डिसेंबरात, सुट्ट्यांच्या गर्दीतच आली. त्या दिवशी आमच्यात तळी भरतात. ताम्हनात भंडार, खोबरं, पानसुपारी ठेवायची आणि पाच पुरुषांनी ते मिळून येळकोटाच्या गजरात तीनदा उचलायचं. मी, माझा मुलगा, शेजारचा टॅक्सीवाला आणि आमचा स्वयंपाकी असे चौघे तयार होतो. पाचवा माझा मेहुणा. तो वाईहून निघाला आणि पसरणीच्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकला. दुपार झाली, भरीत आणि रोडगे गार व्हायला लागले, नवे पाहुणे यायची वेळ झाली. फोन केला तर म्हणतो, दाजी, गाडी जागची हलंना. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मी म्हणालो, चौघांत उरकू. देव काही डोकी मोजत बसत नाही. बायको ताम्हनापुढून हलली नाही.

“आवं, समद्या दुनियेत कमी करा, पर तळीत नगा करू. पाचवा मानूस घरातच हाय की. त्या सांगलीवाल्यास्नी हाक मारा.”

कोपऱ्यातल्या खोलीत सांगलीचं एक जोडपं उतरलं होतं, सोबत चार वर्षांची मुलगी. मी चिडूनच दार वाजवलं. आत हीटर पूर्ण सोडलेला होता आणि मुलगी रजईत झोपली होती. गृहस्थ भला, लगेच चप्पल घालून निघाला. बायको आणि मुलगी आतच राहतील, म्हणाला. मी बरं म्हणालो, कारण मला घाई होती. पण माझ्यामागून आमची आली आणि त्या बाईंना म्हणाली, “लेकराच्या कपाळाला भंडार लागू दे, ताई. झोपेत असली तरी तशीच उचला.” त्या माउलीने मुलीला रजईसकट उचललं. हीटर चालूच राहिला. आता आणखी उशीर, एवढंच माझ्या मनात आलं.

पाच जणांनी ताम्हन उचललं. तिसऱ्यांदा वर गेलं तेव्हा जळका वास आला. मला वाटलं, चुलीवर काहीतरी करपलं. मग दिवा मिणमिणला आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराखालून धूर दिसला. मुलाने धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. टॅक्सीवाल्याने त्याच्या गाडीतलं आग विझवायचं नळकांडं आणून आत मारलं. धूर निवळल्यावर पाहिलं तर छताची पेटलेली फळी पलंगावर पडली होती, आणि जिथे त्या मुलीचं डोकं होतं ती उशी अजून धुमसत होती. मुलगी जागी झाली होती आणि प्रसादाचं खोबरं मागत होती.

हे कसं झालं, यावर मी वाद घालत नाही. घाटात गर्दी रोजच असते. मेहुणा वेळेवर आला असता तर पाचवा मिळाला असता, सांगलीच्या माणसाला कोणी हाक मारली नसती आणि ती मुलगी झोपेतच राहिली असती. तो संध्याकाळी पोचला, तेव्हा मी त्याला स्वतः जेवायला वाढलं. त्यानंतर मी देवाकडे अटी घातल्या नाहीत. हात जोडतो आणि तो ठेवील तसं म्हणतो. माझ्यासारख्याला हे शिकायला एक उशी जळावी लागली.

जळलेला जोड घेऊन मी साताऱ्याला गेलो. वायरिंगवाला म्हणाला, तुम्ही भाव पाडला, त्यात तेवढीच तार बसते. बसत नव्हती तर तेव्हाच नाही म्हणायचं होतं, मी म्हणालो. यावर त्याने माझ्यापुढे चहा ठेवला.

“शेठ, देवानं राखलं न्हवं तुमाला? मग आता कशापायी उकरताय?”

तो चहा मी घेतला नाही.

तिन्ही खोल्यांची छतं मी उघडली, तारा बदलल्या, प्रत्येक हीटरला वेगळी लाइन दिली. आता पाहुण्यांनी हीटरवर वाळत टाकलेले टॉवेल मी स्वतः उचलतो, बाहेर पडताना हीटर बंद करा म्हणून मागे लागतो आणि किरकिऱ्या म्हणवून घेतो. लोक म्हणतात, बाकीचं देवावर सोड. माझं घर, माझा जीव मी त्याच्यावर सोडलाच आहे. पण ह्या माणसाने ह्याच रस्त्यावर बऱ्याच घरांचं वायरिंग केलं आहे. कुठली, ते तो सांगत नाही. सुट्ट्या लागल्या की त्या सगळ्या घरांत हीटर लागतील, फळ्यांखाली कोणाची तरी लेकरं झोपतील. खंडोबाने किती घरांत एक माणूस कमी पाडायचा? ह्या वायरिंगवाल्याने माझ्याबरोबर दारोदार यावं, शिडी लावून एकेक छत स्वतःच्या हाताने उघडावं, आणि त्या घरातल्या माणसांच्या तोंडावर सांगावं की इथे मी काय घातलं आहे.