दुपारी भरलेली बाटली
कुजक्या झेंडूचा वास आला की मला रोह्याजवळच्या आमच्या गावचं डोंगरातलं तळं आठवतं. गणपती होऊन चार-पाच दिवस झाले होते, घराघरातलं निर्माल्य नेहमीसारखं तळ्यात सोडलेलं होतं, आणि एका पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत मेले. तिथे गळ टाकून बसणाऱ्या, वाडीवरच्या म्हाताऱ्यावर विष घातल्याचा आळ आला. "मी नाय काय टाकला बाय, हेच मासं माझी नातवंडा खातात," तो मला सांगत राहिला. मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. पाणी तपासायला आलेल्या साहेबांना मी म्हटलं, "फुलं कुजवणारे जिवाणू रात्रभर पाण्यातला प्राणवायू संपवतात. ऊन आलं की शेवाळ तो परत भरून काढतं. म्हणून नमुना पहाटे घ्या." साहेब सरपंचांकडे जेवून, उन्हं लखलखत असताना तळ्यावर आले. "पहाटे कोण येणार, मॅडम?" म्हणत त्यांनी बाटली भरली. अहवालात प्राणवायू भरपूर निघाला. पाण्यात दोष नाही, म्हणजे माणसातच आहे, असं गावकीने ठरवलं आणि म्हाताऱ्याला तळं बंद केलं. तो कोलाडला लेकीकडे गेला आणि तिथेच वारला. पुढच्याच वर्षी गावाने निर्माल्यासाठी कुंडी बांधली, का, तर दुसऱ्या गावाने बांधली होती म्हणून. त्यानंतर तळ्यात मासे पुन्हा तसे मेले नाहीत. आज मी निवृत्त झालेय, तरी गावात अजून ऐकते, की म्हाताऱ्याला घालवला तेव्हापासून तळं सुधारलं.