कुंदाबाईंनी परत केलेलं कार्ड

कुंदाबाई वापीला ग्राफिक्स कार्ड बघायला निघाल्या, की पर्समध्ये पैशांच्या आधी पेनड्राइव्ह चाचपत. त्यात त्यांचं लिनक्स असे, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी फुकट, खुली प्रणाली. दुकानदाराने कार्ड दाखवलं की ते त्याच्याच मशीनमध्ये बसवायला लावायचं, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि पडदा नीट उजळतो का ते उभ्या उभ्या बघायचं, ही त्यांची रीत. खोक्यावर सगळं लिहिलंय बेन, म्हणून तो कुरकुरे. "आमच्या घोलवडला चिकू नख लावून बघतात," बाई म्हणत. "वरून सगळेच तयार दिसतात."

तलासरीच्या आमच्या शाळेत त्या कंत्राटावर संगणक शिकवत, मी गणित. चोरीची विंडोज मुलांसमोर चालवायची नाही म्हणून लॅबमधल्या सगळ्या जुन्या मशीनवर त्यांनी लिनक्स घातलं होतं. नववीच्या मुलींनी आपापल्या पाड्यांचे नकाशे करायला घेतले. विहिरी, पायवाटा झाल्या. पण टेकडी पडद्यावर फिरवायला गेलं की मशीन अडून बसे. म्हणून कार्ड हवं होतं. बाईंच्या अटी दोनच. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्ससोबतच आलेला, कुणालाही आतून बघता येईल असा उघडा असावा आणि आमच्या जुन्या पॉवर सप्लायला कार्ड झेपावं. मी म्हटलं, घेतोच आहोत तर मोठं घेऊ. "सर, ते खाणार किती, हे आधी विचारा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एका देणगीदाराने भलंमोठं कार्ड पाठवलं. समारंभ ठरला, हार सांगितले गेले. आदल्या दिवशी बाईंनी ते बसवून पाहिलं. कंपनीचा बंद ड्रायव्हर घातला तेव्हा चाललं, लिनक्स अपडेट केल्यावर पडदा काळा. पुन्हा ड्रायव्हर घालून कसंबसं उजळलं, तर टेकडी फिरवताच अख्खं मशीन बंद. संस्थेच्या अध्यक्षांनी तोडगा काढला: पॉवर सप्लायचं नंतर बघू, आधी कुठूनतरी विंडोज आणून टाका, कोण बघतंय?

"मुली बघतायत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हार घातल्यावर त्यांनी खोका पाहुणे म्हणून आलेल्या देणगीदाराच्या हातात परत दिला. "साहेब, आभारी आहे. पण हे आमच्याकडे चालत नाही. यापेक्षा लहान द्या, नाव तुमचंच लावू." अध्यक्षांचा चेहरा पडला. मी पहिल्या रांगेत बसून आपल्याच चपला बघत होतो. पाहुणे मात्र हसले आणि कोणतं हवं ते विचारलं. बाईंजवळ कागद तयारच होता.

लहान कार्ड आलं. मुलींच्या टेकड्या फिरू लागल्या. मे महिन्यात बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. कारण शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. मीही नाही, याची मला आजही लाज वाटते.

निघताना मी सुचवलं, अध्यक्षांना भेटून माफी मागा. कुंदाबाई पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "कशाची? कार्ड चालत होतं म्हणून सांगू?" आणि डहाणूच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

जूनमध्ये अध्यक्षांनी माणूस पाठवला, सगळ्या मशीनवर चोरीची विंडोज टाकायला. लॅबची चावी माझ्याकडे होती. मी दिली नाही. अध्यक्षांचा फोन आला, तेव्हाही नाही म्हणालो. त्यांनी खूप आदळआपट केली, पण माझं काहीच बिघडलं नाही. माझी नोकरी कायम होती. हे 'नाही' मला मे महिन्यात बाईंसाठीही म्हणता आलं असतं.