कुणालाही आजारी न पाडता

सिन्नरहून नाशिकला येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या ताईंनी मोबाईल माझ्या हातात दिला. त्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करायच्या. “कॉलेजला आहेस ना? सुट्टीत आलेल्या मेलला आपोआप जाणारं उत्तर इंग्रजीत लिहून दे.”

मी चाचरत विचारलं, “कारण काय लिहू? आणि शेवटी सॉरी, तुमचा नंबर?”

“मागच्या सुट्टीला सासूबाईंना आजारी पाडलं, तरी साहेबांचे फोन थांबले नाहीत. आता कुणालाच आजारी पाडणार नाही. माहेरी पेठला फोन बंद करून चार दिवस नुसती लोळणार. सॉरी काढ, नंबरही काढ.”

उरलं एवढंच : मी सुट्टीवर आहे, सोमवारी येईन. आमच्या घरात सुट्टी हात जोडून मागतात. मला ते उद्धटच वाटलं.

“साहेब चिडले तर?”

“चिडतील ना,” सेव्ह करत त्या म्हणाल्या, “पण सोमवारी.”