मागच्या चाकाखाली एक बोट

एकावन्नाव्या वर्षी मला आपल्याच घरची मोटारसायकल मागावी लागे, आणि मागूनही ती मिळत नसे. ही गोष्ट मी शाळेत कुणाला सांगत नसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. मास्तरला काही अब्रू असते.

आमचं गाव कामठ्याच्या पुढे. घरात दुचाकी दोन. एक बायकोची स्कूटी, आणि दुसरी बाबांची फटफटी. ही फटफटी माझ्या जन्माच्या आधीची. बाबांनी ती जंगल खात्यातल्या एका साहेबाकडून घेतली, आणि त्या दिवसापासून तिची चाबी त्यांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असे. ती चोरायची म्हणजे बाबांनाच चोरावं लागलं असतं. लहानपणी मी टाकीवर बसायचो, मग मागच्या सीटवर गेलो, आणि तिथेच राहिलो. मिसरूड फुटली, नोकरी लागली, केस पिकले, पण मागची सीट काही सुटली नाही.

पुढे बसायचं माझं एकच मोठं स्वप्न होतं. आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. पाळणे, जिलेब्या, पानठेले, आणि रात्री दंडारीचं लोकनाट्य बघायला पाहुण्यांची झुंबड. माझी सासुरवाडी सडक अर्जुनीजवळ आहे. तिथल्या मंडईत आपण फटफटी चालवत शिरलो आहोत, मागे बायको बसली आहे, साळे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघताहेत, एवढंच मला हवं होतं. दरवर्षी मी तिथे बायकोच्या स्कूटीवर मागे बसून जायचो. चालवायची तीच, कारण माझ्या चालवण्यावर तिचा विश्वास नाही. ती माहेरी ट्रॅक्टर चालवून आलेली बाई आहे.

परवाच्या दिवाळीनंतर बाबांनी मला अंगणात बोलावलं. फटफटी डबल स्टँडवर उभी होती. मागचा टायर तुळतुळीत झाला होता, बाजूने चिरा पडल्या होत्या.

"हा टायर गेला," बाबा म्हणाले. "माह्यानं आता गोंदियाले चकरा होत नाहीत. तू आन. बरोबर टायर आनंल थ्याची चाबी."

मी कान टवकारले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या तोंडाने चाबीचं नाव काढत होता.

"नंबर काय आहे बाबा, टायरचा?"

"नंबर मले का माहीत? टायराच्या खालतं पाय."

मी वाकून पाहिलं.

"काय दिसलं?"

"कोंबडी."

चाकाच्या आडोशाला खरंच एक कोंबडी बसली होती, आणि दारात उभी बायको पदराआड हसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं, आणि दोघांत त्यांना फारसा फरक वाटला नसावा. ते घरात गेले. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

टायरच्या बाजूला आकडे होते, पण घासून गेलेले. आधी तीन, मग टिंब, मग नुसतं काळं, आणि शेवटी एकोणीस. एवढ्या माहितीवर मी चाक खोललं आणि रविवारी आम्ही गोंदियाला निघालो. आम्ही म्हणजे बायको पुढे, मी मागे, आणि माझ्या मांडीवर ते चाक. रस्त्यात दोन विद्यार्थी भेटले. "सर, चाक घेऊन कुठं?" म्हणाले. मी न ऐकल्यासारखं केलं.

टायरवाल्याने चाक हातात घेऊन फिरवलं आणि खुशीत आला. "सर, चीज़ संभाल के रखी है! इस उन्नीस की रिम में सवा तीन आता है, साढ़े तीन आता है, चार भी चढ़ जाता है. असली तो सवा तीन है. पर शौक की बात अलग है."

आता मी शौकीन माणूस नाही. पण आपल्याकडे बघून कुणी 'शौक' हा शब्द काढला की छाती फुगतेच. त्याने तिन्ही टायर समोर उभे केले. सवा तीनचा अगदीच बारका दिसत होता, मास्तरसारखा. चारचा टायर गुबगुबीत, खोल नक्षीचा, पाटलासारखा. पहिला आकडा जाडीचा आणि दुसरा रिमचा, एवढं त्याने समजावलं, आणि मला गणित सुटल्यासारखं वाटलं. रिम तीच, मग उंचीही तीच, फक्त जाडी जास्त. जाडी जास्त म्हणजे पकड जास्त, आणि साळ्यांवर छाप जास्त.

बायको बाकड्यावरून उठून म्हणाली, "अजी, मामाजी ना दर साली..."

"तुला टायरमधलं काय कळतं?" मी म्हणालो.

ती बसली. दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं, निदान मला तसं वाटलं. मी चारचा टायर घेतला.

बसवताना तो चेनकव्हरला घासत होता. मी हातोडीने चेनकव्हरची समजूत काढली. मग गाडी डबल स्टँडवर चढवली तर काय, एरवी ती चढवताना कमरेचे टाके ढिले व्हायचे, त्या दिवशी ती अलगद, फुलासारखी चढली. टायरबरोबर माझ्या दंडातही जोर आला, असा अर्थ मी काढला. खाटेवरून बाबा बघत होते. मी चाबीसाठी हात पुढे केला.

"खऱ्यावर पाहू," बाबा म्हणाले. आमच्याकडे खळ्याला खरा म्हणतात.

खळ्याचा टायरशी काय संबंध, हे सांगायला हवं. आमच्या बाकीच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान हार्वेस्टर येऊन काढून जातो. पण घरच्या खाण्याचा चिन्नोर, हा वासाचा भात, बाबा अजून खळ्यावरच चुरतात आणि उफणतात. वारा नसला तर पंखा लावतात, आणि तो पंखा चालतो फटफटीवर. गाडी डबल स्टँडवर लावायची, म्हणजे मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. पंख्याची लोखंडी कप्पी त्या टायरला टेकवायची. गाडी चालू करून गिअर टाकला की चाक जागच्या जागी फिरतं, टायर कप्पीला फिरवतो, कप्पी पंख्याला. समोर सूप धरून धान सोडायचा. दाणे खाली पडतात, कोंडा उडून जातो. हे मी जन्मापासून बघत आलो आहे. म्हणजे बघत आलो आहे असं मला वाटत होतं. खरं तर त्या वेळी मी बहुधा सावलीत बसून पेपर तपासत असायचो.

दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही खळ्यावर जमलो. बाबांनी तोंड फिरवून करदोड्याची गाठ सोडली आणि चाबी गाडीला लावली. ती चाबी बाबांच्या कमरेवर नाही हे दृश्य मला थोडं लाजिरवाणं वाटलं, उघड्यावर अंघोळ करताना कुणी दिसावं तसं. गुडघ्यांमुळे बाबांना वाकता येत नाही. त्यांनी मलाच विचारलं, "पायलास ना खालतं?"

"पाहिलं," मी म्हणालो. कोंबडी नव्हती.

सूप घेऊन उभी असलेली बायको म्हणाली, "अजी, थांबा, एक..."

"तू सूप धर," मी म्हणालो.

मी गाडीच्या बाजूला उभा राहून किक मारली. पहिल्याच किकेत चालू. बाबांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं, आणि त्या कौतुकाच्या भरात मी अ‍ॅक्सिलेटर जरा जास्तच पिळला, गिअर टाकला आणि क्लच सोडला.

चाक जागच्या जागी फिरलं नाही. पाटील निघाले. गाडीने स्टँडवरून उडी मारली, पंखा बाजूला आडवा पाडला आणि सरळ खळ्यातून धावत सुटली. मीही तिच्यासोबत धावत सुटलो, कारण अशा वेळी हँडल सोडून द्यायचं असतं हे मला सुचलं नाही. उलट घाबरून मी मूठ आणखी घट्ट धरली, आणि मूठ म्हणजेच अ‍ॅक्सिलेटर. चिन्नोरच्या राशीचे आम्ही दोन भाग केले. म्हशीने दावं तोडलं. समोर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता म्हणून बरं. गाडी आणि मी त्यात शिरलो, ते थेट मी छातीपर्यंत आणि गाडी टाकीपर्यंत. ती अजून चालूच होती. मागचं चाक गरगर फिरत होतं आणि ती खोल नक्षी तणीस ओढून ओढून मागे फेकत होती. मागे बाबा होते.

बायको आली. तिने सूप खाली ठेवलं, तणसात हात घातला, चाबी फिरवली आणि काढून घेतली. एकदम सगळं शांत झालं.

मी मान वळवून पाहिलं. बाबा डोक्यापासून धोतरापर्यंत तणसाने झाकले गेले होते, नुसते डोळे दिसत होते. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली, तर बाबा हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले, खोकला थांबल्यावर पुन्हा हसले.

"खालतं पाय म्हनलं होतं ना तुले!"

"पण काय पाहायचं होतं?" मी तणसातूनच ओरडलो.

उत्तर बायकोने दिलं. "पंखा लावायच्या आंधी मामाजी दर साली चाकाखालतं बोट घालून पायतेत. एक बोट जागा पायजे. नाही तं चाक भुईले लागते."

मग मला कळलं. टायरची जाडी वाढते तशी उंचीही वाढते. पाऊण इंच जाडी वाढली की चाकाची त्रिज्याही जवळजवळ तेवढीच वाढते, आणि स्टँडवरच्या चाकाखालची बोटभर जागा संपते. गाडी स्टँडवर फुलासारखी चढली होती ती माझ्या दंडामुळे नव्हे, तर चाक जमिनीवरून उठलंच नव्हतं म्हणून. त्रिज्या, व्यास, परीघ. हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर काढतो आहे, आणि चुकणाऱ्या पोरांना अंगठे धरून उभं करतो आहे.

"तुला हे माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"चोवीस साल झाले, इथं सूप धरून राहिली मी."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"दोनदा तोंड उघडलं. दोनदा तुमी बंद केलं."

तणीस टोचत होतं, पण त्याहून हे जास्त टोचलं. मला खरोखर लाज वाटली, आणि तणसातून बाहेर येऊन मी आडवा पडलेला पंखा उभा केला.

पुढच्या रविवारी पुन्हा गोंदिया. मी मागे, मांडीवर चाक. या खेपेला दुकानदाराशी बायको बोलली. "सवा तीन दो," एवढंच म्हणाली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "क्यों सर, शौक पूरा हो गया?" मी रस्त्यावरची रहदारी बघत राहिलो.

घरी तिनेच टायर बसवून घेतला. गाडी डबल स्टँडवर चढवताना माझ्या कमरेचे टाके पुन्हा ढिले झाले, म्हणजे सगळं ठीक होतं. मी बाबांना धरून खाली बसवलं. त्यांनी चाकाखाली बोट घातलं. आत गेलं, आणि अगदी घासून गेलं. बाबांनी दोनदा घालून पाहिलं, कारण म्हाताऱ्याला तेवढंच सुख होतं. मग करदोड्याला परत बांधलेली चाबी काढली. माझा हात नकळत पुढे गेला. बाबांचा हात माझ्या हातावरून पुढे गेला.

"घे बाई," ते सुनेला म्हणाले. "बरोबर टायर आनंल थ्याची चाबी. बोली म्हंजे बोली."

तिने ती पदराच्या टोकाला बांधून कमरेला खोचली. या गाडीचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. मला ते अजून गोंधळात टाकतात. तिने चार दिवसांत शिकून घेतलं.

मंडईला आम्ही फटफटीवरच गेलो. सडक अर्जुनीच्या रस्त्याला ट्रकवाले हॉर्न वाजवून आम्हाला बाजू देत होते, आणि काही जण मान बाहेर काढून बघत होते. मला वाटलं होतं की मी मरेन लाजेने. पण कामठा सुटल्यावर वारा लागला, तिच्या खांद्यावरून मला पुढचा रस्ता दिसला, आणि मी चक्क गाणं म्हणू लागलो. मागे बसायची मला सवय होतीच.

सासुरवाडीत शिरलो तर साळे खरंच रस्त्याच्या कडेला उभे होते. तिने गाडी पानठेल्याजवळ थांबवली आणि एका दमात डबल स्टँडवर चढवली.

"जवाई, तुमी मागं काऊन?" थोरला साळा ओरडला.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी मी त्या गर्दीत गुडघे टेकून खाली बसलो आणि मागच्या चाकाखाली बोट घातलं. बरोब्बर गेलं.

"खालतं का पाहून राहिले, जवाई?" साळा म्हणाला.

"कोंबडी," मी म्हणालो. बायको एवढी हसली की तिला गाडीला धरून उभं राहावं लागलं.