घरच्या हवेतलं शून्य

विषारी वायू ओळखणारा सेन्सर मी नॅनोकणांचा पातळ थर देऊन बनवला होता. असा सेन्सर आधी स्वच्छ हवेत ठेवून त्याचं शून्य ठरवावं लागतं. रविवारी लॅब बंद, म्हणून ते काम मी घरीच, खिडकीत ठेवून उरकलं. सोमवारी लॅबमध्ये चालू केला, तर आकडा शून्याच्याही खाली! माझ्या गाइड मॅडम चक्रावल्या.

"शून्य कुठे घेतलंस गं?"

"घरी. चेंबूरला."

राहते मी गोवंडीला, कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूला. पण कुणी विचारलं की तोंडातून शेजारचं, जरा बऱ्या वस्तीचं चेंबूरच निघतं.

"चेंबूरची हवा एवढी घाण?" मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी. सेन्सरमध्ये काही बिघाड नव्हता. ज्या हवेत वाढले तीच मी स्वच्छ धरून चालले होते. दिवसभर वायू मोजत बसणारी मी!

संध्याकाळी घरी पोचले, तर आईने माझा उतरलेला चेहरा पाहिला.

"दमलीस ना? बस, जरा मोकळी हवा घे," म्हणत तिने तीच खिडकी माझ्यासाठी सताड उघडली.