पेन्सिलीनं लिहिलेलं वाक्य

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. विलाससमोर तर नाहीच—आणि खरं म्हणजे ऐकायचा पहिला हक्क त्याचा. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे चहाला येणार नाही. तो येईल.

आमचा कोल्हापुरातला हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप. मी प्रॉम्प्टर. पंचवीस वर्षं विंगेत वही आणि बॅटरी घेऊन उभा. विलास आमचा हुकमी विनोदी नट, शिरोलीच्या एका फाउंड्रीत माझ्याच शिफ्टला. स्टेजवर वाघ, घरी आई आणि बायकोचं वाजलं की मात्र तोंडात मिठाची गुळणी. शेवटी सुनंदावहिनी शिरोळला माहेरी निघून गेल्या. सात महिने तिकडंच राहिल्या.

आणि त्या सात महिन्यांत—कसं सांगू?—माझे दिवस मजेत गेले. मी एकटा माणूस. विलास रोज यायचा, आम्ही कळंब्याच्या तलावावर फिरायचो, मग माझ्याकडे चहा, कधी भात-आमटी. त्याचा संसार विस्कटला आणि माझं घर भरलं. तेव्हा मला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

मग ग्रुपनं एका संध्याकाळचा प्रयोग ठरवला. प्रेम आणि नवराबायकोची भांडणं, तीन छोटी विनोदी नाटकं. तिसऱ्यात विलासची बायको रुसून निघालेली असते आणि तो म्हणतो, "जातीस तर जा की, पर जाता जाता च्या टाकून जा!" हमखास हशाचं वाक्य. प्रयोगाच्या दिवशी दुपारी विलासनं माझ्या वहीत त्याच्या खाली पेन्सिलीनं दुसरं लिहिलं—"चुकलं माझं. आईच्या म्होरं तुझी बाजू घेतली न्हाय मी. घरला चल."

वहिनींना त्यानं मेहुण्याकरवी पास पाठवला होता. मला म्हणाला, "समोर बसून मला बोलाय जमायचं न्हाय गड्या. नाटकात जमंल. अडकलो तर तू हायस की."

तू हायस की.

वहिनी आल्या. पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. विंगेतून मला स्पष्ट दिसत होत्या—आणि पायाशी कपड्यांनी फुगलेली पिशवी. दोन तासांच्या नाटकाला एवढी पिशवी कोण आणतं? त्या राहायला आल्या होत्या. विलासच्या डोळ्यांवर स्टेजचा उजेड, त्याला यातलं काही दिसत नव्हतं. उद्यापासून दार वाजणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

ती जागा आली आणि तो अडकला. नवं वाक्य, त्यात खरं—अडकणारच. त्यानं कान चोळला. ही आमची खूण. बॅटरीचा उजेड पेन्सिलीच्या अक्षरांवरच होता. मी ती नीट वाचली. पुरती वाचली. आणि वरचं वाक्य दिलं—चहाचं.

त्यानं विचारसुद्धा केला नाही. माझा आवाज आला की त्याची जीभ चालते, इतक्या वर्षांची सवय. नाट्यगृह हसून लोळलं, मागून शिट्ट्या आल्या. वहिनींनी पिशवी उचलली आणि कडेच्या दारानं बाहेर पडल्या.

पडदा पडल्यावर वहिनी येऊन गेल्याचं कुणीतरी सांगितलं, तसा विलास रंगल्या तोंडानं रस्त्यापर्यंत धावला. परत आला तेव्हा मी म्हणालो, बॅटरीनं दगा दिला रे, पेन्सिलीचं दिसलंच नाही. त्यानं माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. नुसतं नाटक बघाय आलती ती. नांदायचं असतं तर थांबली असती."

पिशवीचं मी बोललो नाही. तेव्हाही नाही, आणि पुढं घटस्फोटाच्या कागदावर सही करायला त्याच्याबरोबर कोर्टात गेलो, तेव्हाही नाही.

त्या दिवशी वहिनी घरी आल्या असत्या तर त्यांचं जमलं असतं का? मला माहीत नाही. मी ते होऊच दिलं नाही.

विलास अजून रोज येतो. साडेपाचला दार वाजतं आणि—खोटं कशाला बोलू—मला अजून बरं वाटतं. चहा मीच टाकतो. कप हातात घेऊन तो कधीकधी म्हणतो, "तू व्हतास म्हणून निभलं बघ."

मी त्याला आणखी थोडा चहा ओततो.