धावड्याच्या भिंतीवरचा भोलू

जवानांना शिकवण्यासाठी छापलेली जुनी व्यंगचित्रं मी जमवते. सुरुंग कसा ओळखावा, बर्फात हात कसे जपावेत, असं हसत हसत सांगणारी. घरात या छंदाला रद्दी म्हणतात. "बाई, आमच्या धावड्यात एका घरी तसलं चित्र फ्रेम करून लावलंय," माझ्या चित्रकलेच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली आणि मी त्याच रविवारी निघाले.

जालन्याहून भोकरदनपर्यंत एसटी. पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर कुणाचा तरी पिठाचा डबा आला. थंडीत जा, रस्त्यालगत कापसाची वेचणी चाललेली असते. धावड्यात चहा-भजी मिळतात, मुक्कामाची सोय मात्र धरू नका.

घर काशिनाथकाकांचं. पूर्वी मेंढरं होती, आता शेती. मुलगा दिगंबर सैन्यात होता, काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या ठाण्यावर असताना गेला. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो आणि शेजारी ते चित्र. तीन चौकटी. गोरा, धारदार नाकाचा जवान सुरुंगांमधली सुरक्षित वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या फितींमधून नीट चालतोय. मागचा, भोलू नावाचा, काळा, जाड ओठांचा, पेंगुळलेला. शेळी दिसली म्हणून वाट सोडतोय. भोलूच्या कपाळावर ताजं गंध होतं.

"ह्यो माझा दिगू," काकांच्या पत्नी रुख्मामावशी भोलूवर बोट ठेवत म्हणाल्या. "सोबतचे पोरं त्याला भोलूच म्हणायचे. सुट्टीत आल्ता तव्हा त्यानंच दाखवलं. सरकारनं त्याचं चित्र काढलं, बाई. तुमच्याकडं आणखी असतील. एखादं द्या पाठवून."

मी हो म्हणून बसले. फोटोतला दिगंबर सडपातळ, लांब चेहऱ्याचा. भोलूशी त्याचं साम्य फक्त रंगाचं. चित्राखालचं 'भोलू मत बनो' हे हिंदी मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी भाकरी-ठेचा वाढला.

काका जीपपर्यंत सोडायला आले. माझ्याकडच्या प्रतीत चौथी चौकट आहे, मी हळूच म्हटलं. त्यात भोलूचा पाय तुटलेला आहे.

"मीच कापली," काका म्हणाले. "आमचं लेकरू बर्फाखाली गेलं, सुरुंगानं न्हाई. मंग तिला तुटका पाय कशाला दाखवू?"

घरी येऊन सगळा गठ्ठा उपसला. बरोबर वागणारे सगळे गोरे. गढूळ पाणी पिणारा, बंदूक गंजवणारा, उघड्या हातांनी बर्फ उकरणारा, प्रत्येक ठिकाणी तोच काळा चेहरा. इतकी वर्षं मी ही चित्रं मजेने दाखवत होते. धावड्याला पाठवण्याजोगं त्यात एकही निघालं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

मग स्वतःच काढायला बसले. फितींमधून नीट चालणारा दिगंबर, फोटोतल्यासारखा. असल्या चित्रात मागे एक चुकणारा लागतोच. कितीतरी वेळ पेन्सिल धरून बसले. त्याला कुणाचा चेहरा द्यावा ते सुचेना, म्हणून ती जागा कोरीच ठेवली आणि चित्र टपालात टाकलं.

पंधरवड्याने गावातल्या बूथवरून काकांचा फोन आला. चित्र लावलं, गंधही लावलं, म्हणाले.

"बाई, ती सारखी एकच विचारून राह्यली. माझा दिगू एकटाच का चालून राह्यला?"